दीड अंशाचे पथ्य

आपल्याकडे अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये सांगतात आणि बाहेरचे ऊन सेल्सिअसमध्ये. नातवाला एकशे एक ताप आहे आणि नगरला आज एक्केचाळीस आहे, अशी दोन मापे एकाच घरात सुखाने नांदतात. त्यामुळे एक गोष्ट मात्र आपल्या नजरेतून निसटते. गेली काही वर्षे वर्तमानपत्रांत जागतिक तापमानवाढीच्या ‘दीड अंशाच्या मर्यादे’विषयी वारंवार लिहिले जाते. दीड अंश म्हणजे असा किती, असे कोणी विचारले तर सकाळच्या आणि नऊ वाजताच्या उन्हातला फरकसुद्धा याहून मोठा, असे उत्तर सहज ओठांवर येते. पण सेल्सिअसचा दीड अंश म्हणजे फॅरनहाइटचे २.७ अंश. निरोगी माणसाच्या ९८.६ मध्ये ते मिळवून पाहा. उत्तर येते १०१.३. घरातल्या कोणाला एवढा ताप चढला आणि तो वर्षानुवर्षे उतरलाच नाही, तर तुम्ही त्याला ‘जराशी कणकण’ म्हणाल का?

पृथ्वी म्हणजे माणसाचे शरीर नव्हे आणि ही तुलना फार ताणू नये, याची मला जाणीव आहे. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. श्रीगोंद्यात पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवणारी एक साधी एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. तरीही हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात यायला हवा असे मला वाटते. या दीड अंशाची झळ सर्वांत आधी कोणाला लागते, हे मला वेधशाळेच्या तक्त्यांत नव्हे, तर मार्च ते जून या चार महिन्यांत तपासणीच्या टेबलासमोर बसलेल्या माणसांत दिसते. ती माणसे बहुधा साठीच्या पुढची असतात आणि त्यांना आधार देऊन आत आणणारी सून, मुलगी किंवा पत्नी त्यांच्याइतकीच थकलेली असते. हा लेख त्या दोघांसाठी आहे.

मर्यादा कोणी आणि का आखली?

१२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस येथे जगातील देशांनी एक करार स्वीकारला. औद्योगिक युग सुरू होण्यापूर्वी, म्हणजे साधारणपणे १८५० ते १९०० या काळात, पृथ्वीचे जे सरासरी तापमान होते, त्याच्या तुलनेत वाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि शक्यतो ती दीड अंशावर रोखायची, असे त्यात ठरले. दीड अंशाचा आग्रह धरण्यात समुद्रात बुडण्याची भीती असलेले छोटे बेटदेश आघाडीवर होते. पुढे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरसरकारी समितीने या अर्ध्या अंशाच्या फरकावरच एक स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. दीड अंशाला जगातील ७० ते ९० टक्के प्रवाळ नष्ट होतील आणि २ अंशांना ते जवळपास संपूर्णच संपतील, हे त्यातील एक उदाहरण.

२०२४ हे संपूर्ण जगासाठी नोंदींच्या इतिहासातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. जागतिक हवामान संघटनेच्या हिशोबाने त्या वर्षीची वाढ सुमारे १.५५ अंश होती. पूर्ण वर्षाची सरासरी दीड अंशाच्या पलीकडे गेल्याची ही पहिलीच वेळ. आपल्या भारतीय हवामान विभागानेही १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हेच देशातील सर्वांत उष्ण वर्ष असल्याचे सांगितले. एका वर्षाने करार मोडला असे होत नाही, कारण ती मर्यादा साधारण दोन दशकांच्या सरासरीची आहे. एका दिवसाची उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर यांत जो फरक, तोच हा. मात्र दर महिन्याला येणारी साखर वाढलेलीच दिसू लागली, की तीन महिन्यांची सरासरी काय येणार हे सांगायला डॉक्टर लागत नाही. जगाने आजच्याच धोरणांवर वाटचाल केली, तर शतकाच्या अखेरीस ही वाढ अडीच ते तीन अंशांच्या आसपास जाईल, असे अंदाज आहेत.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. दीड अंशाची वाढ म्हणजे श्रीगोंद्याचा ४० अंशांचा दिवस साडेएकेचाळीसचा होणे, एवढेच नव्हे. दीड हा आकडा समुद्रासकट साऱ्या पृथ्वीच्या सरासरीचा आहे, आणि समुद्रापेक्षा जमीन अधिक तापते. शिवाय सरासरी थोडी सरकली, की टोकाचे दिवस फार वेगाने वाढतात. औद्योगिक युगापूर्वी दहा वर्षांतून एकदा येणारी टोकाची उष्णता दीड अंशाच्या जगात दहा वर्षांतून सुमारे ४ वेळा येईल, २ अंशांच्या जगात साडेपाच वेळा आणि ४ अंशांच्या जगात ९ हून अधिक वेळा, असे त्याच समितीचे अनुमान आहे. एखाद्या वृद्धाने अशी लाट आयुष्यात पाचसहा वेळा सोसली असेल. पुढच्या पिढीतल्या वृद्धांना ती दर दोन-तीन वर्षांनी सोसावी लागेल.

‘ऊन काय आजचे आहे?’

हे वाक्य माझ्या दवाखान्यात मी दरवर्षी ऐकते. बोलणारे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले असतात, सुकडी खाऊन दिवस काढलेले असतात. आपला तालुका पर्जन्यछायेतला. भीमा आणि घोड या नद्या असूनही आणि कुकडीचा कालवा येऊनही पाण्यासाठी झुरणाऱ्या गावांची येथे कमी नाही. त्यामुळे उन्हाची भीती दाखवणारी डॉक्टर त्यांना जरा नाजूक वाटते. त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. मी त्यांना तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, तेव्हा तुम्ही पंचविशीत होतात. आज पंचाहत्तरी ओलांडली आहे. ऊन तेच असते असे क्षणभर धरले, तरी ते सोसणारे शरीर तेच राहिलेले नाही.

दुसरी गोष्ट, तेव्हाचे घर. पांढरीच्या मातीच्या जाड भिंती, वर माळवद, अंगणात कडुनिंब. दुपारी बारा वाजता बाहेरून आत आले की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि अंगाला गारवा लागायचा. आज बहुतेक वस्त्यांवर सिमेंटच्या चारइंची भिंती आणि वर पत्रा आहे, किंवा दिवसभर तापून रात्रभर उष्णता सोडणारा स्लॅब आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे रात्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. कर्बवायूसारखे वायू हवेत वाढले, की या उष्णतेचा काही भाग ते अडवून पुन्हा खाली पाठवतात. त्यामुळे तापमानवाढीत दिवसांबरोबर रात्रीही तापतात, आणि रात्र हीच शरीराची दुरुस्तीची वेळ असते. उन्हातून आलेल्या हृदयाला रात्री गारवा मिळाला तर ते दुसऱ्या दिवसाला तयार होते. सलग तीन-चार रात्री तो मिळाला नाही तर थकवा साचत जातो. उष्णतेच्या लाटेत पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्ण अधिक येतात, त्याचे हे एक कारण आहे.

आपल्या भागात या रात्रीला आणखी एक अडचण येऊन मिळाली आहे. पूर्वी उन्हाळ्यात म्हातारी माणसे अंगणात बाजेवर झोपत. ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर वाढल्यापासून वस्तीवरच्या घरांनी रात्री दारे लावून घ्यायला सुरुवात केली, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे सत्तरीतला माणूस रात्रभर पत्र्याखालच्या बंद खोलीत असतो. मध्यंतरी एप्रिलमध्ये अशाच एका वस्तीवरून एका सुनेने आपल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासऱ्यांना आणले. “दोन दिवस झाले, मामा काहीतरीच बोलत्यात. परवा मला आत्याबाईंच्या नावानं हाक मारली,” ती म्हणाली. घरातल्या इतरांनी ‘वय झालं’ म्हणून विषय सोडून दिला होता. तिने दिला नाही. रक्तदाब खाली गेला होता, जीभ कोरडी होती, लघवी दिवसातून एकदाच, तीही गडद पिवळी. ते दिवसा उन्हात गेलेच नव्हते. कडुनिंबाखाली बसून होते. त्यांना त्रास झाला होता तो चार रात्रींच्या उकाड्याचा, रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून तोडलेल्या पाण्याचा, आणि त्यात सुरू असलेल्या लघवीच्या गोळीचा. सलाइन लावले, गोळ्यांची फेररचना केली, तिसऱ्या दिवशी ते सुनेला तिच्याच नावाने हाक मारू लागले. ती आणखी एक रात्र थांबली असती, तर हे वाक्य मला लिहिता आले असते असे वाटत नाही.

शरीराचीही एक मर्यादा असते

आपले शरीर आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखण्यासाठी दोनच मार्ग वापरते. त्वचेकडे अधिक रक्त पाठवून उष्णता बाहेर टाकणे, आणि घाम गाळून तो वाळू देणे. पहिल्या कामासाठी हृदयाला जादा मेहनत करावी लागते. दुसऱ्यासाठी शरीरात पुरेसे पाणी आणि बाहेर पुरेशी कोरडी हवा लागते. वय वाढले की हृदयाची ताकद कमी होते, घामाच्या ग्रंथी मंदावतात आणि तहानेची जाणीवच बोथट होते. म्हणून ‘तहान लागली की पिईन’ हा नियम वृद्धांना चालत नाही. शरीराचे तापमान ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या पुढे गेले आणि त्याबरोबर भान हरपू लागले, की त्याला उष्माघात म्हणतात. तेथून पुढे मिनिटे मोजावी लागतात.

हवेतली आर्द्रता काय करते, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी पाहिले. नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक उघड्या मैदानात बसले होते. त्या दिवशी त्या परिसरातील पारा ३८ अंशांच्या आसपास होता. आपल्या नगरकरांना तो आकडा मामुली वाटेल. परंतु किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. म्हणूनच हवामान विभाग मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, तर किनारपट्टीवर ३७ पासून. मुंबई-पनवेलला मुलाकडे राहायला गेलेल्या आपल्या घाटावरच्या वडीलधाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. तिथला ३६ अंशांचा दिवस इथल्या ४० ला भारी पडू शकतो.

दुसरे उदाहरण परदेशातले आहे, पण ते आपल्याला अधिकच लागू पडते. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये आलेल्या लाटेत सुमारे १५ हजार माणसे मृत्युमुखी पडली. श्रीमंत देश, उत्तम रुग्णालये, तरीही. मृतांत बहुसंख्य पंचाहत्तरीच्या पुढचे होते आणि कित्येक जण घरात एकटे होते. ऑगस्ट हा तिथला सुट्टीचा महिना. मुले गावाला गेली होती, शेजारी गेले होते. आता आपल्या वाड्या-वस्त्या आठवा. मुलगा रांजणगावच्या किंवा चाकणच्या कंपनीत, मुलगी पुण्यात, आणि वस्तीवर दोन म्हातारी माणसे. त्यांच्या हातात मोबाइल असतो, पण दुपारी दोन वाजता त्यांचा आवाज बदलला आहे हे ऐकणारे कोणी नसते.

तिसरे उदाहरण मात्र धीर देणारे आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६ अंशांच्या पुढे गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यानंतर २०१३ मध्ये तेथील महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. आदल्या दिवशी इशारा, दवाखान्यांत तयारी, पाणपोया, बागा दुपारी उघड्या ठेवणे, छपरांना पांढरा रंग, अशी त्यातली कामे होती. त्यात आश्चर्यकारक असे काही नव्हते. पुढच्या वर्षांत या उपायांमुळे दरवर्षी हजाराहून अधिक मृत्यू टळल्याचा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. ऊन आपल्या हातात नाही. उन्हाने मरणे बरेचसे आपल्या हातात आहे.

घरात काय करावे?

गोळ्यांची उन्हाळी तपासणी. फेब्रुवारीच्या अखेरीस घरातील ज्येष्ठांच्या सर्व गोळ्या एका पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांना दाखवा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या, मानसिक आजाराच्या, कंपवाताच्या आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्या यांचा उन्हाशी संबंध असतो. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. मात्रा बदलायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. वीज जात असेल तर ओल्या मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवा. बाटली पाण्यात बुडू देऊ नका.

पाण्याचे वेळापत्रक. तहानेवर न सोडता दर तासा-दीड तासाला अर्धा पेला द्या. दिवसा अधिक आणि संध्याकाळनंतर कमी असे केले, तर रात्री उठण्याची भीतीही कमी होते. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्यांनी किती प्यावे, ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. आपला तालुका लिंबांचा. लिंबू-पाणी, पातळ ताक, पेज यांना तोड नाही. मात्र मधुमेह्यांनी साखर आणि रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ जपून वापरावे. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे.

संडासची वाट. हे मी मुद्दाम लिहिते, कारण कोणी बोलत नाही. आपल्याकडच्या कित्येक आजी पाणी पीत नाहीत, त्याचे कारण तहान नसणे हे नव्हे, तर संडास अंगणापलीकडे आहे, रात्री अंधार आहे, गुडघे दुखतात आणि सुनेला उठवायचा संकोच वाटतो, हे असते. रात्री पलंगाजवळ भांडे किंवा खुर्चीचा कमोड ठेवा, वाटेत दिवा लावा. उष्माघात टाळणारा हा उपाय कोणत्याही औषधापेक्षा स्वस्त आहे.

खोली. ज्येष्ठांची खाट घरातल्या सर्वांत गार जागी हलवा, मग ती बैठकीची खोली का असेना. पत्र्यावर किंवा स्लॅबवर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात द्या, वर शेडनेट किंवा उसाच्या पाचटाचा थर बांधा. मात्र पाचट चुलीच्या धुराड्यापासून आणि विजेच्या तारांपासून दूर असू द्या. दिवसा खिडक्या झाका, रात्री जाळी लावलेल्या खिडक्या उघडा. हवाच ४० अंशांच्या पुढे गेली असेल, तर नुसता पंखा गरम हवा अंगावर फेकतो. अशा वेळी अंग ओल्या कपड्याने पुसून मग पंख्याखाली बसावे. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नये. काष्टीचा बाजार असो, लग्न असो की बँकेतून श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायचे असोत, ते सकाळीच उरकावे.

धोक्याची खूण. अचानक बडबड, ओळख चुकणे, तोल जाणे, गुंगी, अंग चटका बसण्याइतके गरम होणे. घाम थांबलाच पाहिजे असे नाही. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत वाट पाहत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा गार ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही.

आणि हे सारे करणाऱ्या व्यक्तीनेही आपले पाणी आणि आपली झोप मोजावी. चुलीपुढे उभी राहणारी सून दुपारी तीन वाजेपर्यंत पाण्याविना असते, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे.

मर्यादा ओलांडल्यावर काय?

आता मूळ प्रश्नाकडे येते. एवढे सगळे वाचून एखादे वाचक म्हणतील, दीड अंश तर ओलांडलाच, आता काय उरले? अगदी हेच वाक्य मी मधुमेहाच्या रुग्णांकडूनही ऐकते. “साखर तर तीनशेच्या वर गेलीच आहे, आता पथ्य कशाला?” त्यांना मी सांगते की तीनशेवरून साडेतीनशेला जाणे आणि तीनशेवरून अडीचशेला येणे या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि दोन्हींच्या शेवटी वेगळी माणसे उभी असतात. मर्यादा ही कड्याची धार नसते. ती ओलांडली म्हणजे सगळे संपले असे नाही, आणि ओलांडली नाही म्हणजे सगळे सुरक्षित असेही नाही. दीडच्या जागी १.६ वर थांबलो तर १.७ पेक्षा कमी माणसे मरतील. प्रत्येक दशांशाला हिशोब आहे.

मात्र मधुमेहाची दुसरी बाजूही लपवू नये. साखर आटोक्यात येते, पण तोवर गेलेली मूत्रपिंडे परत येत नाहीत. तापमानवाढीतही काही हानी अशीच कायमची आहे. मेलेली प्रवाळबेटे, वितळलेल्या हिमनद्या, कोकणकिनाऱ्याकडे चढत येणारा समुद्र ही पुढे तापमान उतरले तरी लवकर मागे फिरणारी नाहीत. म्हणून ‘थोडे दिवस मर्यादेबाहेर राहू, मग परत येऊ’ हा विचार मला रुग्णाच्या तोंडी जितका धोक्याचा वाटतो, तितकाच जगाच्या तोंडीही वाटतो.

यात आपला वाटा किती? एका भारतीयाच्या वाट्याला वर्षाला सुमारे २ टन कर्बवायू येतो, तर एका अमेरिकी नागरिकाच्या वाट्याला सुमारे १४ टन. तेव्हा पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्या आजीला ‘तुम्ही कमी वापरा’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्यांनी हा ताप सर्वांत कमी वाढवला, त्यांनाच तो सर्वांत जास्त चढतो, हा यातला अन्याय आहे आणि तो अन्याय म्हणूनच बोलला पाहिजे. तरीही आपल्या हातचे काही आहेच. उसाचे पाचट पेटवून देण्याऐवजी सरीत पसरले तर धूर टळतो, दम्याच्या रुग्णांचे श्वास वाचतात आणि जमिनीतली ओल टिकते. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरते. म्हणून पाऊस लांबतो आणि पडला की कोसळतो. अशा काळात धरून ठेवलेली प्रत्येक सरी मोलाची आहे. अंगणातला कडुनिंब तोडायचा विचार असेल, तर तो घरातल्या ज्येष्ठांचा बिनविजेचा कूलर आहे एवढे आठवावे.

आणि ग्रामसभेत ज्येष्ठांनी स्वतः उठून बोलावे. बँकेच्या आणि रेशन दुकानाच्या दारात सावली आणि पाणी का नाही, लाटेच्या दिवशी वस्तीवरच्या एकट्या म्हाताऱ्यांची चौकशी कोण करणार, आशाताईंकडे क्षार-संजीवनीची पाकिटे पुरेशी आहेत का, हे प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. अहमदाबादने यापेक्षा फार वेगळे काही केले नव्हते.

या उन्हाळ्यात रोज सकाळी आपल्या घरातील, आणि शेजारच्या एकट्या राहणाऱ्या, ज्येष्ठांना तीन प्रश्न विचारा. रात्री झोप लागली का? लघवी किती वेळा झाली, रंग कसा होता? आज वार कोणता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर दुपारची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.